विद्युत् मांडणी प्रमाणपत्र

विद्युत् मांडणी प्रमाणपत्र : इमारतीत केलेले विजेचे तारकाम ठरलेल्या नियमांप्रमाणे झाले असून त्याची चाचणी घेण्यात आली आहे, असे अधिकृत ठेकेदाराने अथवा तपासनिसाने स्वाक्षरीनिशी दिलेले लेखी निवेदन. शासकीय मराठीत यासाठी ‘चाचणी अहवाल’ ही संज्ञा वापरतात. व्यवहारात मात्र ‘टेस्ट रिपोर्ट’ हाच शब्द रूढ आहे. नवी वीजजोडणी घेताना किंवा मंजूर भार वाढवून घेताना हा कागद अर्जासोबत द्यावा लागतो. प्रस्तुत नोंदीत राहत्या घरांच्या मांडणीपुरता या प्रमाणपत्राचा इतिहास दिला आहे. कारखाने व उच्च दाबाच्या मांडण्या यांचा विचार केलेला नाही.

इमारतीच्या इतर कामांतील दोष बहुधा डोळ्यांना दिसतात. भिंत ओळंब्यात नसेल तर ती तशी दिसते, नळ गळत असेल तर ओल येते. विजेचे तारकाम याला अपवाद आहे. स्विच जिवंत तारेऐवजी उदासीन तारेत बसविला तरी दिवा लागतो आणि विझतोही. फक्त दिवा विझलेला असतानाही त्याच्या धारकात विद्युत् दाब कायम राहतो व दिवा बदलणाऱ्यास धक्का बसतो. भूयोजनाची, म्हणजे अर्थिंगची, तार जमिनीतील पट्टीपर्यंत पोहोचलीच नसली तरी शीतकपाट, पंखा, पाणी तापविण्याचे यंत्र ही सर्व उपकरणे बिनतक्रार चालतात. उपकरणात बिघाड होऊन त्याच्या धातूच्या आवरणात वीज उतरते, त्या दिवशीच ही उणीव उघड होते. दिवा लागला म्हणजे काम चोख झाले, ही घरमालकाची समजूत म्हणूनच फसवी आहे. काम चोख आहे की नाही हे मापनानेच कळते आणि ते मापन कोणी, केव्हा केले व त्यात काय आढळले हे नोंदविणारा कागद म्हणजे हे प्रमाणपत्र होय.

इतिहास : या कागदाची मागणी प्रथम घरात राहणाऱ्यांनी केली नाही, ती आगीच्या विमा कंपन्यांनी केली. १८८० नंतर लंडनमधील गिरण्या, नाटकगृहे व श्रीमंतांची घरे यांत विजेचे दिवे येऊ लागले. तारांचे निरोधन त्या काळी कापूस, मेण, गटापर्चा यांसारख्या पदार्थांचे असे आणि काम करणारे कारागीर बहुतेक घंटा किंवा तारयंत्रे बसविण्याच्या धंद्यातून आलेले असत. ज्या इमारतींचा विमा उतरविला होता त्यांत हे नवे काम कसे झाले आहे, हे जाणून घेणे कंपन्यांना भाग पडले. फीनिक्स फायर ऑफिस या कंपनीसाठी मसग्रेव्ह हीफी यांनी १८८२ मध्ये विद्युत् प्रकाश मांडणीचे नियम तयार केले. त्याच वर्षी सोसायटी ऑफ टेलिग्राफ एंजिनिअर्स अँड ऑफ इलेक्ट्रिशियन्स या संस्थेनेही आपले नियम प्रसिद्ध केले. ते तयार करणाऱ्या समितीत सर विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन), विल्यम क्रुक्स व आर. ई. बी. क्रॉम्टन यांसारखी नामवंत मंडळी होती. ही पुस्तिका चारच पानांची होती आणि तिच्या शीर्षकात आगीच्या धोक्याचा स्पष्ट उल्लेख होता. विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूस शीर्षकात स्थान नव्हते. तथापि विद्युत् अभियंत्यापुढील अडचणी आतल्या व अदृश्य असतात आणि चाचणीवाचून त्यांचे निवारण होत नाही, हा विचार तिच्या प्रास्ताविकातच मांडलेला होता. आजच्या प्रमाणपत्राचे बीज या विचारात आहे. हीच संस्था पुढे इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल एंजिनिअर्स या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या नियमांच्या सुधारित आवृत्त्या तेव्हापासून निघत आल्या असून १८ वी आवृत्ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९२ पासून या नियमांना ब्रिटिश मानकाचा दर्जा आहे.

अमेरिकेतही आरंभ विमा कंपन्यांपासूनच झाला. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनातील विद्युत् मांडणीच्या तपासणीसाठी विल्यम हेन्री मेरिल हे तरुण अभियंते तेथे गेले आणि पुढील वर्षी विमा कंपन्यांच्या साहाय्याने त्यांनी चाचणीची प्रयोगशाळा सुरू केली. तिचेच पुढे अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेत रूपांतर झाले. अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत् संहिता १८९७ मध्ये तयार झाली.

विमा कंपन्यांमागोमाग या कागदात रस घेतला तो वीजपुरवठा कंपन्यांनी. एका घरातील खराब तारेतून वीज जमिनीत झिरपू लागली, तर तिचा परिणाम रस्त्यातील मुख्य वाहिनीवर व शेजारच्या ग्राहकांवर होतो. म्हणून घरातील काम तपासल्याशिवाय वाहिनीशी जोडावयाचे नाही, असा दंडक कंपन्यांनी घातला. तपासणी व्यवहार्य झाली ती मापनसाधनामुळे. एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स या ब्रिटिश कंपनीने हातात नेता येईल असा निरोधन-मापक तयार केला व १९०३ मध्ये त्यास ‘मेगर’ हे व्यापारी नाव मिळाले. लाकडी पेटी, तिच्या बाजूला फिरवायची मूठ आणि वर काटा, असे हे यंत्र भारतातील वीजकामगारांच्या कित्येक पिढ्यांनी वापरले. मूठ फिरविली की आतील जनित्र ५०० व्होल्टपर्यंत दाब निर्माण करते आणि निरोधनाचा रोध किती मेगॅ-ओहम आहे हे काटा दाखवितो. ‘काम चांगले आहे’ या मोघम शेऱ्याच्या जागी अहवालात आकडा लिहिता येऊ लागला, तो या यंत्रामुळे.

भारत : भारतातील पहिला वीजविषयक कायदा १८९५ चा कलकत्ता विद्युत् प्रकाश अधिनियम हा होय. कलकत्ता इलेक्ट्रिक सप्लाय कॉर्पोरेशनने १८९९ मध्ये पुरवठा सुरू केला. मुंबईत बाँबे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली. संपूर्ण देशासाठी १९०३ मध्ये झालेल्या कायद्याची जागा १९१० च्या भारतीय विद्युत् अधिनियमाने घेतली. या अधिनियमाने शासनाला विद्युत् निरीक्षक नेमण्याचा अधिकार दिला व अपघाताची वर्दी देणे बंधनकारक केले. विमा कंपनी व पुरवठा कंपनी यांच्याबरोबर शासन हा तिसरा घटक अशा रीतीने तारकामाच्या तपासणीत आला. अधिनियमाखालील तपशीलवार नियम पुढे वेळोवेळी झाले. त्यांतील १९५६ चे भारतीय विद्युत् नियम अर्धशतकाहून अधिक काळ अंमलात होते आणि आजचे विनियमही मुख्यतः त्यांच्याच आराखड्यावर आधारलेले आहेत.

१९५६ च्या नियमांतील ४५ वा नियम या विषयाचा गाभा होय. कोणतेही विद्युत् मांडणीचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परवानाधारक कामगाराकडून केले पाहिजे, असे त्यात सांगितले होते. ठेकेदार, पर्यवेक्षक व तारतंत्री ही महाराष्ट्रातील परिचित त्रयी या तरतुदीतून आली. (‘तारतंत्री’ हा वायरमनसाठी योजिलेला शासकीय शब्द परीक्षांच्या जाहिरातींपलीकडे फारसा गेला नाही.) हा नियम केवळ नव्या कामापुरता नव्हता, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. भर घालणे, फेरफार व दुरुस्ती यांचाही त्यात स्पष्ट समावेश होता. दिवे, पंखे, वितळतारा, स्विच व २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणे यांची मांडणीची क्षमता व स्वरूप न बदलता केलेली बदली एवढाच अपवाद होता. फुटलेला स्विच घरमालकाने स्वतः बदलावा, यास हरकत नव्हती. पण न्हाणीघरात पाणी तापविण्याच्या यंत्रासाठी नवी तार ओढणे हे परवानाधारकाचे काम ठरत होते. नियमाविरुद्ध केलेले काम वाहिनीशी जोडण्यासही मनाई होती.

४७ व्या नियमाप्रमाणे नवा किंवा वाढीव पुरवठा देण्यापूर्वी पुरवठादाराने अर्जदाराची मांडणी स्वतः तपासून निष्कर्षांची नोंद ठेवावयाची होती. मांडणी सदोष असल्याचे कारण देऊन पुरवठा नाकारल्यास अर्जदाराला विद्युत् निरीक्षकाकडे दाद मागता येई. आधीच जोडलेल्या मांडण्यांची तपासणी जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने व्हावी, असे ४६ वा नियम सांगत होता. पहिल्या तपासणीचा खर्च पुरवठादाराने व नंतरच्या प्रत्येक तपासणीचा खर्च ग्राहकाने सोसावा, असे ५३ व्या नियमात होते. ही शेवटची तरतूद वरवर क्षुल्लक वाटते. परंतु पहिली तपासणी सर्वत्र झाली आणि पुढच्या तपासण्या घरांच्या बाबतीत जवळजवळ कागदावरच राहिल्या, यात तिचा वाटा थोडा नसावा.

मांडणीची जबाबदारी कोठे विभागते हेही नियमांनी ठरवून दिले होते. पुरवठादाराच्या वितळतारेच्या बाहेर जाणाऱ्या टोकापाशी पुरवठ्याचा आरंभ होतो. तेथून आत जे काही आहे ते ग्राहकाचे. चाचणी अहवाल हा या सीमेवरचा दस्तऐवज आहे. पुरवठादार त्यावर विसंबून वीज सोडतो आणि त्या क्षणापासून भिंतींतील तारांचे उत्तरदायित्व घरमालकाकडे जाते. पुढे आग लागली किंवा कोणी दगावले, तर निरीक्षकाच्या चौकशीत हाच कागद पुढे येतो.

चाचण्या : घरातील मांडणीच्या अहवालात मुख्यतः चार गोष्टींची नोंद असावी लागते : निरोधनाचा रोध, तारांची अखंडता, स्विच जिवंत तारेतच असल्याची खात्री आणि भूयोजनाचा रोध. यांपैकी निरोधनाच्या मर्यादेचा इतिहास उद्‌बोधक आहे. गळती होणारा प्रवाह हा कमाल पुरवठा प्रवाहाच्या एक पंचसहस्रांशाहून (१/५,०००) अधिक नसावा, हा भारतीय नियमांतील जुना निकष तारतंत्रीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळतो. २५० व्होल्ट दाबावर ५ अँपिअर प्रवाह घेणाऱ्या लहान घरासाठी ही मर्यादा १ मिलिअँपिअर येते, म्हणजे निरोधनाचा रोध निदान अडीच लक्ष ओहम असावा लागतो. २०० अँपिअर प्रवाह घेणाऱ्या मोठ्या इमारतीला मात्र त्याच सूत्राने ४० मिलिअँपिअर गळती क्षम्य ठरते. मनुष्याच्या संरक्षणासाठी आज वापरण्यात येणारी गळती-खंडक साधने ३० मिलिअँपिअरला वीज तोडतात, हे ध्यानात घेतले म्हणजे जुन्या निकषाचे स्वरूप उघड होते. भाराच्या प्रमाणात वाढणारी ही मर्यादा वाहिनीच्या सोयीची होती. माणसाचे शरीर इमारतीच्या भारानुसार अधिक सोशीक होत नाही. गळती अनेक ठिकाणी विखुरलेली असते हे खरे. पण ती एकाच सदोष जागी एकवटलेली असल्यास हा निकष तिला अडवू शकत नव्हता. पुढे नियमांत प्रमाणाऐवजी ५०० व्होल्ट दाबाला निदान १ मेगॅ-ओहम रोध असा थेट निकष आला आणि ५ किवॉ. वा त्याहून अधिक भाराच्या मांडण्यांना गळती-खंडक सक्तीचा झाला. लहान घर, जेथे धोका मुळीच कमी नाही, ते या सक्तीतून तेव्हा सुटले.

भारतीय मानकांत आणखी एक सूत्र होते : ५० मेगॅ-ओहमला मांडणीतील बिंदूंच्या संख्येने भागावे, मात्र संपूर्ण मांडणीकडून १ मेगॅ-ओहमहून अधिकाची अपेक्षा करू नये. बिंदू वाढले की गळतीच्या वाटा वाढतात, हे त्यामागील कारण होय. मापन कोणत्या ऋतूत झाले यासही महत्त्व आहे. वैशाखात घेतलेला आकडा आणि कोकणातील आषाढात ओल्या भिंतीवर घेतलेला आकडा यांत मोठे अंतर पडते. अहवालावरील दिनांक त्यामुळे केवळ कार्यालयीन सोपस्कार राहत नाही.

तारांनाही वय असते. मुंबईच्या जुन्या चाळींत लाकडी खोबणीपट्टीतून किंवा सागवानी पट्टीवर बसविलेल्या रबरी निरोधनाच्या तारा होत्या. उष्णतेने रबर काही दशकांत कडक होऊन तडकते. पीव्हीसीच्या तारांनी आयुष्य वाढविले, परंतु भारही वाढला. दोन दिवे व एक पंखा यांसाठी तपासलेल्या मांडणीवर कपडे धुण्याचे यंत्र, वातानुकूलक, विजेची शेगडी यांची भर पडत गेली आणि अहवाल मात्र पहिल्या जोडणीच्या दिवसाचाच राहिला. ४५ व्या नियमाप्रमाणे अशी प्रत्येक भर परवानाधारकाकडून व्हावयास हवी होती. पण पहिल्या वेळी कागद नसेल तर वीज मिळत नसे आणि नंतरच्या वेळी वीज आधीच घरात असे. नियम दोन्ही वेळी तोच होता. अडवून धरणारे कोणी दुसऱ्या वेळी नव्हते. ठेकेदाराने घर न पाहताच स्वाक्षरी करून अहवाल देणे व त्यातील आकड्यांच्या जागी ठरावीक संख्या लिहिणे हा प्रकारही सर्वश्रुत आहे. असा कागद जोडणी मिळवून देतो. घराविषयी तो काहीच सांगत नाही.

इतर देश : काही देशांनी हा कागद पहिल्या जोडणीखेरीज इतर प्रसंगांशीही जोडला. फ्रान्समध्ये १९६४ मध्ये स्थापन झालेल्या कॉन्स्युएल या संस्थेची मान्यता असलेले अनुरूपतापत्र १९७२ च्या हुकूमान्वये नव्या घरांना सक्तीचे झाले. १५ वर्षांहून जुनी मांडणी असलेले घर विकताना तिच्या स्थितीचा अहवाल खरेदीदाराला देणे तेथे २००९ पासून आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये ही गोष्ट बराच काळ कारागिरांच्या सचोटीवर व १९५६ मध्ये निघालेल्या ठेकेदारांच्या नोंदणी संस्थेवर सोपविलेली होती. १ जानेवारी २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये घरगुती तारकाम इमारतविषयक विनियमांच्या कक्षेत आले. तेव्हापासून ठराविक कामे नोंदणीकृत कारागिराने स्वतः प्रमाणित करावी लागतात, अन्यथा स्थानिक प्राधिकरणाला आधी कळवावे लागते. काम संपल्यावर घरमालकाच्या हाती दोन वेगळे कागद पडतात : चाचण्यांच्या आकड्यांसह मांडणीचे प्रमाणपत्र आणि विनियमांचे पालन झाल्याचा दाखला. किरकोळ भरीसाठी एक छोटे प्रमाणपत्रही आहे. कळवावयाच्या कामांची यादी इंग्लंडमध्ये २०१३ मध्ये बरीच आखूड करण्यात आली. २०२० च्या विनियमांनी मात्र तेथे भाड्याने दिलेल्या घरांची तपासणी निदान दर पाच वर्षांनी करणे व अहवालाची प्रत भाडेकरूस देणे घरमालकांवर बंधनकारक केले. पाच वर्षांची मुदत भारतीय नियमांत १९५६ पासूनच होती. इंग्लंडमधील फरक एवढाच की, तेथे अहवाल मागण्याचा हक्क असलेली व्यक्ती त्याच घरात राहते.

सद्यःस्थिती : भारतात १९१० चा अधिनियम रद्द होऊन विद्युत् अधिनियम, २००३ अंमलात आला. १९५६ च्या नियमांची जागा केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांनी व पुढे २०२३ च्या विनियमांनी घेतली. परवानाधारक ठेकेदार, जोडणीपूर्व चाचणी आणि ठराविक काळाने तपासणी ही जुनी चौकट कायम आहे. महाराष्ट्रात परवाने देण्याचे काम विद्युत् निरीक्षण यंत्रणेशी संलग्न असलेले अनुज्ञापक मंडळ करते.

दरम्यान घरांची संख्या अफाट वाढली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेतच अडीच कोटींहून अधिक घरांना जोडण्या देण्यात आल्या. जोडणीची मुदतही घटत गेली. ग्राहक हक्कांविषयीच्या २०२० च्या नियमांनी ती महानगरांत ७, इतर नगरपालिका क्षेत्रांत १५ व ग्रामीण भागात ३० दिवस अशी ठरविली होती. २०२४ मध्ये ती सामान्यतः ३, ७ व १५ दिवसांवर आणण्यात आली. ग्राहकाच्या दृष्टीने हे स्वागतार्हच आहे. परंतु पुरवठादाराला स्वतः तपासणीसाठी मिळणारा वेळ जसा कमी होतो, तसे ठेकेदाराच्या अहवालावर विसंबणे वाढते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत विजेच्या धक्क्याने झालेल्या अपघाती मृत्यूंची देशातील संख्या दर वर्षी १२,००० हून अधिक होती. यात शेतातील पंप, तुटलेल्या वाहिन्या व कारखाने यांतील मृत्यूही आहेत.

परिपूर्ण अहवालात घराचा पत्ता, मंजूर भार, बिंदूंची संख्या, तारांचे आकारमान, प्रत्येक मंडलाच्या निरोधनाचा आकडा, भूयोजनाचा रोध, मापकाचा प्रकार, चाचणीचा दिनांक, ठेकेदाराचा परवाना क्रमांक व त्याची मुदत, तसेच पर्यवेक्षकाची स्वाक्षरी ही सर्व नोंद असते. व्यवहारात या कागदाची मूळ प्रत जोडणीच्या अर्जासोबत पुरवठादाराच्या दप्तरात जाते आणि घरमालकाकडे बहुधा प्रत उरत नाही. सदनिका विकली जाते तेव्हा नोंदणीकृत करारनामा, संस्थेचे भागपत्र, मालमत्ता कराची पावती व वीजमापकाच्या नावातील बदलाचा अर्ज यांची देवघेव होते. भिंतीतील तारा कोणी, केव्हा व कोणत्या मापाच्या घातल्या हे सांगणारा कागद खरेदीदार मागत नाही व विक्रेताही देत नाही.